पाऊणपट ते एम-२: भरती-ओहोटीच्या पानाच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

नवीन फोल्डर, नवीन गिट रेपो, नाव ठेवलंय 'सुकती', म्हणजे ओहोटी. काम एवढंच की रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत आज पाणी कधी चढणार नि कधी उतरणार ते मोबाइलवर मराठीत दिसलं पाहिजे, रेंज नसली तरी.

नोंदी लिहितोय त्याला कारण वेगळं आहे. गेलं वर्षभर संध्याकाळी ऑफिसातून आलो की कोर्स. पायथनचा पूर्ण झाला, डेटा सायन्सचा अर्धा, लिनियर अल्जिब्राचा बऱ्यापैकी होऊन सोडला, आणि दाखवायला काय आहे तर काही नाही. त्याच्या आदल्या वर्षी बरोब्बर उलटं, नुसतं बनवत सुटलो होतो, इकडून तिकडून कोड उचलून डकवायचा, चाललं की पुढे, आणि चार महिन्यांनी स्वतःचीच फाइल उघडली की हे कोणी लिहिलंय असं वाटायचं. दोन्ही बाजू बघून झाल्यात. म्हणून यावेळी एकच अट घातलीय, पान जिथे अडेल तिथलंच शिकायचं आणि जे शिकलं ते त्याच आठवड्यात पानात उतरलं पाहिजे. ही अट टिकते का बघायला या नोंदी.

पहिली आवृत्ती आजच झाली. आपल्याकडचा जुना हिशोब, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, ३ वाजता भरती. अष्टमीला ६ वाजता. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. तिथी कॅलेंडरवरून बघून हाताने टाकायची, खाली वेळ येते. एक एचटीएमएल फाइल, जावास्क्रिप्टच्या मोजक्या ओळी, बस. दिसायला भिकार आहे पण चालतंय.

८ ऑक्टोबर

रिॲक्टमध्ये (वेब पानं बनवायची तयार लायब्ररी) करावं का असा किडा डोक्यात वळवळला, दोन व्हिडिओ बघून पण झाले. मग अट आठवली. पान कुठे अडलंय का? नाही. मग बंद.

एक गंमत मात्र सापडली, तारीख दाखवायला ब्राउझरला 'एमआर-आयएन', म्हणजे मराठी-भारत, सांगितलं की आकडे आपोआप देवनागरीत येतात. मी आकडे बदलायचं फंक्शन लिहून बसलो होतो, ते उडवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

शेजारच्या काकींना पान दाखवलं. काकी ओहोटीला मुळे (शिंपल्या) काढायला खाडीत जातात, म्हणजे माझी पहिली खरी युजर. त्यांनी फोन लांब धरून बघितलं आणि म्हणाल्या, "भरती कधी ती मला घरातून कळते रे. पाणी किती खाली जाईल ते सांग. आणि उजेड असताना जाईल का ते."

म्हणजे माझं पान ज्याचं उत्तर देत होतं तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. वर्षभर कोर्स केले असते तरी हे कळलं नसतं, भरतीची वेळ काढणारं पान अजून सुबक झालं असतं इतकंच.

मग काकींशी बसून बोललो. आपल्या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री, बाराच्या अलीकडे, म्हणजे उधाणाची सुकती पहाटे आणि संध्याकाळी येते. पाणी जास्त उतरतं पण पहाटे अंधार. भांगाला, म्हणजे पाण्याची चढ-उतार सगळ्यात कमी असते तेव्हा, अष्टमी-नवमीला, सुकती भर दुपारी येते, उजेड मस्त, पण पाणी धड उतरतच नाही. म्हणून काकी द्वितीया-तृतीया धरतात, उधाण अजून संपलेलं नसतं (तसंही सगळ्यात मोठं उधाण नेमकं पौर्णिमेला न येता एक-दोन दिवसांनी येतं) आणि सकाळची सुकती सरकून उजाडल्यावर आलेली असते. हे सगळं त्यांना तोंडपाठ. माझ्या पानात यातलं काहीच नाही.

पान उलटं केलं. वर मोठ्या अक्षरात सुकती, खाली बारीक भरती. किती उतरेल त्या जागी सध्या रिकामा चौकोन.

१९ ऑक्टोबर, रविवार

घरात, ऑफिसात, व्हॉट्सॲपवर एकच वाद, लक्ष्मीपूजन २० ला की २१ ला. अमावस्या २० ला दुपारी पावणेचारच्या सुमारास लागते आणि २१ ला संध्याकाळी सहाच्या आत संपते. आपल्याकडच्या पंचांगात २१. मला त्यातून वेगळाच फायदा झाला, तिथी हाताने टाकायची गरज का संपवली पाहिजे ते कळलं. तिथी म्हणजे दिवस नव्हेच, सूर्यापासून चंद्र १२ अंश पुढे गेला की एक तिथी. चंद्र कधी भरभर कधी हळू, त्यामुळे तिथी कधी एकोणीस-वीस तासांत आटोपते तर कधी सव्वीसपर्यंत लांबते.

म्हणजे चंद्राची जागा काढायला हवी. इथे पान खरंच अडलंय, तेव्हा शिकणं अटीत बसतं. बसलो. चंद्राच्या सरासरी जागेत आधी ६.२८९ अंशाची मोठी दुरुस्ती, ती त्याच्या लंबवर्तुळाकार कक्षेची. मग १.२७४ ची, ०.६५८ ची, या सूर्याच्या ओढीच्या. मग ०.२१४, ०.१८६, अशी ही यादी शेकड्यांत जाते. आणि मला ती सगळी हवीशी वाटायला लागली. प्रत्येक टर्म कुठून येते, कोणी शोधली, रात्री एक वाजेपर्यंत वाचतोय. वाईट अजिबात नव्हतं ते, भारीच होतं. पण पाच टर्म घातल्यावर तिथी लागायची वेळ अर्ध्या-पाऊण तासाच्या आत येते आणि ती जाणार कुठे, तर पाऊणपटीच्या सूत्रात, जे स्वतःच तासाभराने इकडेतिकडे. त्याला सेकंदापर्यंतचा चंद्र कशाला.

तर अटीला आज पुरवणी जोडली. कधी शिकायचं ते ठरलं होतं, कधी थांबायचं ते नव्हतं. उत्तरातली चूक पुढच्या पायरीच्या चुकीपेक्षा लहान झाली की थांब. उरलेलं 'नंतर' नावाच्या फाइलीत.

२६ ऑक्टोबर

भाऊबीज वगैरे आटोपून परत बसलो. तिथी आपोआप येतेय पण मधेच एखाद्या दिवशी एकने मागे. बराच वेळ चंद्रावर संशय. चंद्र निर्दोष निघाला. जावास्क्रिप्टला नुसती तारीख दिली, वर्ष-महिना-दिवस अशी, तर तो ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतो, आणि तिच्यापुढे वेळ जोडली तर स्थानिक धरतो. म्हणजे एका फंक्शनमध्ये माझी मध्यरात्र, दुसऱ्यात सकाळचे साडेपाच. साडेपाच तासांत तिथी बदलायला वेळ किती लागतोय. आता आत सगळीकडे यूटीसीचे मिलिसेकंद, माणसाला दाखवताना शेवटी फक्त भारतीय वेळ.

हे कुठल्यातरी कोर्समध्ये शिकवलं होतं, वहीत टिपलेलं पण सापडलं. चंद्राने चकवल्याशिवाय डोक्यात शिरलं नव्हतं.

२ नोव्हेंबर, रविवार, कार्तिकी एकादशी

हा आठवडा ठिगळांचा. गुरुवारी अष्टमी झाली तेव्हापासून पानावरची वेळ आणि खाडीतली वेळ यांचं जमेना, आज तर तासाच्या वर फरक. मी काय करत गेलो, तर अष्टमीला एवढी मिनिटं वाढव, दशमीला एवढी, एकादशीला अजून, असा तक्ता. चालतंय. तक्ता बघितला की पोटात कसंतरी होतंय पण चालतंय.

सूत्रातली एक गोष्ट मात्र हिशोबाने दिसली. ३० तिथ्यांत भरती बरोबर एक पूर्ण फेरी मारते, २४ तास भागिले ३० म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊणपट म्हणजे ४५. तीन-तीन मिनिटं मागे पडत पौर्णिमेला १५ गुणिले पाऊण, सव्वाअकरा येतात, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी! तोंडी हिशोबाला पाऊणच सोपं म्हणून तसं ठेवलेलं असणार, पाऊणकीचे पाढे पाठ असलेल्या पिढीला तर फारच सोपं. मग ४८ घालून बघितलं. पौर्णिमेची उडी गेली पण एकादशीचा घोळ जसाच्या तसा.

काका (काकींचे यजमान, खाडीत छोटी होडी घालतात) जाळं सांधत होते, त्यांना विचारलं. म्हणाले, "भांगाला पाणी रेंगाळतं रे. उधाणाला वेळेवर येतं, भांग सरला की रोज लय उशीर लावतं." बास, एवढंच. म्हणजे रोजचा उशीर सारखा नसतो. कधी कमी, कधी जास्त. आणि त्यालाही लय आहे, नाहीतर काकांच्या लक्षात राहिलं नसतं.

आता पान अडलंय का? तक्त्याने चालतंय म्हटलं तर नाही अडलेलं. पण ठिगळ कशावर लावतोय तेच माहीत नाही हे अडणंच झालं की.

९ नोव्हेंबर, रविवार

हा आठवडा कोडची एक ओळ लिहिली नाही. कागद, पेन आणि स्क्वेअर रुलिंगची वही.

भरती म्हणजे एक लाट नव्हे, अनेक लाटांची बेरीज. त्यातली सगळ्यात मोठी चंद्राची, तिला एम-२ म्हणतात, १२ तास २५ मिनिटांनी परत येते. दुसरी सूर्याची, एस-२, बरोबर १२ तासांनी. कोनात सांगायचं तर एम-२ तासाला २८.९८४ अंश फिरते आणि एस-२ तासाला ३०. दोघी एकत्र आल्या की उधाण, एकमेकींच्या विरुद्ध गेल्या की भांग, आणि परत गाठ पडायला १४.७७ दिवस. इथपर्यंत शाळेतसुद्धा ऐकलेलं.

पुढचं नव्हतं ऐकलेलं. एस-२ ची उंची एम-२ च्या साधारण ०.४ पट धरली (मुंबईकडे तेवढीच असते) आणि बेरजेचा वेग काढला. उधाणाला दोघी एकाच बाजूला, म्हणून वेग २८.९८४ अधिक ०.४ गुणिले ३०, भागिले १.४. येतो २९.२७. दोन भरत्यांमध्ये १२ तास १८ मिनिटं, म्हणजे रोजचा उशीर साधारण ३६ मिनिटं. भांगाला सूर्यवाली उलट्या बाजूने ओढते, तेव्हा वजा करायचं आणि ०.६ ने भागायचं. २८.३१. रोजचा उशीर ८६ मिनिटं.

३६ आणि ८६! काका बोलले ते हेच. सरासरी ४८ बरोबरच आहे पण रोज ४८ कधीच नसतात. आणि पाऊणपटीच्या सूत्रात दीड तासाची उडी येते ती पौर्णिमेला, जिथे पाणी सगळ्यात कमी सरकतं. खरी उडी भांगाला. वहीवर ही दोन उत्तरं आली तेव्हा उठून ओटीवर दोन फेऱ्या मारून आलो.

मग लॅपटॉप उघडला, ठिगळांचा सगळा तक्ता डिलीट, तिथीचं फंक्शन पण डिलीट, त्याजागी दोन कोसाइनची बेरीज. चंद्राच्या पाच टर्म वाया गेल्या म्हणायचं तर म्हणा, पण त्या केल्या नसत्या तर चंद्राच्या वेगाची सवय झाली नसती आणि हे इतक्या लवकर डोक्यात बसलं नसतं. कोड निम्म्यावर आला. नुसतं करत राहिलो असतो तर तक्त्यात अजून दहा ओळी वाढल्या असत्या.

याच नादात वाचलं की लॉर्ड केल्विनने १८७२ मध्ये हीच बेरीज करणारं यंत्र बनवून घेतलं होतं, प्रत्येक लाटेला एक चाक, सगळ्या कप्प्यांवरून एकच दोरी, तिच्या टोकाला पेन, हँडल फिरवा की वर्षभराची भरती कागदावर. आणि १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्सने खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी यंत्र केलं. मुंबईत अपोलो बंदरला पाण्याच्या उंचीच्या नोंदी १८७८ पासून आहेत. माझा फॉर लूप म्हणजे ती दोरीच.

१५ नोव्हेंबर

आता दोन्ही लाटांची इथली उंची नि फेज (लाट नेमकी कधी माथ्यावर येते ते) पाहिजे. मुंबईचे आकडे इथे चालत नाहीत, मुंबईला मोठ्या उधाणात पाणी पाच मीटरच्या आसपास जातं, गोव्याला त्याच्या निम्म्यानेही नाही, आपण मधे, आणि भरती गोव्याकडे आधी, मुंबईला नंतर. सर्वे ऑफ इंडियाचे छापील तक्ते आहेत, हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचं भाकीत आहे, पडताळायला ते ठेवलेत. पण खाडीच्या आत ती वेळ तशीच्या तशी लागू होत नाही, आणि मला ते आकडे येतात कसे ते बघायचंय.

म्हणून बांबू. काकांची होडी लागते तिथे धक्क्याच्या कडेला खोल पाण्यात बांबू रोवला, त्यावर दर १० सेंटिमीटरला ऑइलपेंटची पट्टी, दर मीटरला लाल. ऑफिसला जाताना ७ ला बघायचं, आल्यावर ७ ला बघायचं, वहीत लिहायचं.

इथे ईएसपी-३२ (छोटं कंट्रोलर बोर्ड) आणि अल्ट्रासॉनिक सेन्सर लावून आपोआप वाचन घेण्याचा मोह झाला, कार्टमध्ये टाकलं पण. मग ते वॉटरप्रूफ करायचं, सोलर, सिमकार्ड, खारं पाणी, आणि मार्चपर्यंत मी सोल्डरिंग शिकत बसणार. कॉम्प्युटर शास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथला स्वतःच्या पुस्तकाची छपाई आवडली नाही म्हणून त्यांनी १९७७ मध्ये टेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, वर्षभरात होईल असा अंदाज होता, शेवटचे मोठे बदल करून गोठवलं ते १९८९ मध्ये. त्यातून जगाला टेक मिळालं हे खरं. माझ्याकडून जगाला गंजलेला सेन्सर मिळेल. कार्ट रिकामं.

१९ नोव्हेंबर

बरं झालं थिअरी आधी केली. सकाळी ७ आणि संध्याकाळी ७, दोन्हींत अंतर बरोबर १२ तास. आणि एस-२ बरोबर १२ तासांनी येते. म्हणजे मी रोज तिला एकाच जागी पकडतोय, ती माझ्या वहीत हलतानाच दिसणार नाही, सरासरी पातळीत मिसळून जाईल. महिनाभर नेमाने वाचलं असतं तरी कॉम्प्युटरला एस-२ आणि सरासरी पातळी यांतला फरक सांगता आला नसता.

वेळा विस्कटल्या. मी दुपारी सुट्टीत धावत येतो, काका रात्री जाळं टाकायला निघताना टॉर्च मारून बघतात आणि जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहितात. त्यांचे आकडे माझ्यापेक्षा नीट असतात, लाटेचा वरचा खालचा बघून मधला घेतात. मला कोणी सांगितलं नव्हतं हे, त्यांनाही नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

पंधरा दिवसांच्या वर डेटा झाला, म्हणजे १४.७७ ची हद्द ओलांडली, आता एम-२ आणि एस-२ वेगळ्या काढता येतात.

अडचण अशी की प्रत्येक लाटेची उंची माहीत नाही आणि फेजही माहीत नाही, आणि फेज कोसाइनच्या पोटात बसलीय. आत हात घालता येत नाही. त्याला युक्ती आहे, फेज असलेला एक कोसाइन म्हणजे फेज नसलेला एक कोसाइन आणि एक साइन यांची बेरीज, दोघांना आपापला गुणक. मग अज्ञात फक्त गुणक, आणि ते सरळ गुणाकारात. मॅट्रिक्स मांडायचं, पहिल्या कॉलममध्ये सगळे १, तो सरासरी पातळीचा, दुसऱ्यात एम-२ चा कोसाइन, तिसऱ्यात साइन, मग एस-२ चे दोन. जितकी वाचनं तितक्या ओळी. नमपायच्या (पायथनची गणिताची लायब्ररी) लीस्ट स्क्वेअर्सला, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी करणाऱ्या फंक्शनला, दिलं की पाच आकडे परत. वेळा विस्कटलेल्या असल्या तरी त्याला फरक पडत नाही, एफएफटीला (लाटा वेगळ्या काढायची दुसरी रीत, तिला समान अंतराची वाचनं लागतात) पडला असता.

आता हे मला कुठून सुचलं? तर अर्धवट सोडलेल्या लिनियर अल्जिब्राच्या कोर्समधून. तेव्हा 'कॉलम स्पेसवर प्रोजेक्शन' हे शब्द ऐकून झोप आली होती, उपयोग काय याचा असं म्हणून सोडला होता. त्या धड्याची वही काढली, अर्ध्या तासात लागलं. म्हणजे ५ ऑक्टोबरची अट जशी लिहिली तशी पाळली असती, अडेल तेव्हाच शिकायचं, तर आज हे शोधायचं कुठल्या नावाने तेच कळलं नसतं. बिनकामाचं ऐकून ठेवलेलं असलं की निदान कुठे हात घालायचा ते कळतं. म्हणून अट थोडी सैल केली, आठवड्यातली एक संध्याकाळ बिनकामाच्या वाचनाला, प्रकल्पाशी संबंध असो नसो. पण त्या संध्याकाळी प्रकल्पाचं फोल्डर उघडायचं नाही, नाहीतर दोन्हीची खिचडी होते.

पान आता 'किती उतरेल' दाखवतंय. रिकामा चौकोन भरला.

३ डिसेंबर

सर्व्हिस वर्कर घातला, रेंज नसतानाही पान उघडतं. काकींच्या फोनवर तीन दिवस जुनंच पान दिसत होतं, कॅशेचा नंबर बदलला, झालं. याबद्दल यापेक्षा जास्त शिकायची आत्ता इच्छा नाही.

७ डिसेंबर, रविवार

४ ला दत्तजयंती, ५ च्या पहाटे पौर्णिमा. पान म्हणत होतं पाणी अमुक इतकं उतरेल. काकी शनिवारी सकाळी जाऊन आल्या, परत आल्या त्या टोपली भरून आणि माझ्यावर हसत. "तुझ्या पानापेक्षा पाणी कितीतरी खाली गेलंय, पलीकडची ती बांधाची दगडं उघडी पडली, वर्षात दोनदा दिसतात." बांबूवरही तेच, वेळ बऱ्यापैकी बरोबर पण खोली साफ कमी सांगितली होती.

कोडमध्ये काही चुकलंय का म्हणून दोन तास गेले. कोड ठीक आहे. चंद्र यावेळी जवळ होता. ४ डिसेंबरलाच तो पृथ्वीच्या सगळ्यात जवळच्या जागी आला, आणि माझी पंधरा दिवसांची वाचनं होती त्यातली अमावस्या २० नोव्हेंबरची, तेव्हा चंद्र नेमका सगळ्यात लांब. म्हणजे माझ्या मॉडेलने फक्त दुबळं उधाण बघितलंय आणि त्यालाच उधाण म्हणून बसलंय.

चंद्राच्या जवळ-लांब जाण्याची वेगळी लाट असते, एन-२, तासाला २८.४४० अंश. एम-२ च्या इतकी जवळ की दोघींना वेगळं ओळखायला २७.५५ दिवसांचा डेटा लागतो, चंद्र जवळून परत जवळ यायला लागतो तेवढाच. पंधरा दिवसांत कितीही हुशारी केली तरी जमत नाही. हे मला ९ नोव्हेंबरला वाचताना दिसलं होतं, तक्त्यात एन-२ ची ओळ होती, पण तेव्हा ती नुसती ओळ होती. आता ती ओळ म्हणजे काकींची टोपली आहे, विसरणं शक्य नाही.

इथे करण्याला पर्यायच नाही आणि घाई करूनही उपयोग नाही. बांबू वाचत राहायचं.

२१ डिसेंबर, रविवार

डेटा महिन्याच्या वर गेला. मॅट्रिक्सला एन-२ चे दोन कॉलम, आणि सोबत के-१ आणि ओ-१ चे. या दोघी दिवसातून एकदाच येणाऱ्या, त्यांच्यामुळे एकाच दिवसातल्या दोन सुकत्या सारख्या नसतात, एक चांगली उतरते, दुसरी लाजत. काकींना कुठल्या सुकतीला जायचं ते यावरच ठरतं. कॉलम वाढवायला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं नोव्हेंबरच्या त्या बिनकोडच्या आठवड्याची आहेत.

पायथनमध्ये आकडे काढायचे, ते एका छोट्या जेसन फाइलीत ठेवायचे, पान फक्त बेरीज करतं. एवढंच ठेवलंय. सर्व्हर नाही, डेटाबेस नाही.

४ जानेवारी २०२६, रविवार

काल पौर्णिमा, २ च्या पहाटे चंद्र परत जवळ, म्हणजे परीक्षाच. यावेळी आकडे आधी काढून काकांच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले होते, नंतर बदलायची सोय नको म्हणून. आज सकाळची सुकती बांबूवर पाहिली, अर्ध्या पट्टीचा फरक, पाचेक सेंटिमीटर. वेळ काकांच्या मते बरोबर, माझ्या मते दहा मिनिटं उशिरा, कारण सुकतीला पाणी थांबतं नेमकं कधी यावर आमचं एकमत होत नाही.

काकींनी पान बहिणीला पाठवलंय, ती जयगडच्या खाडीवर असते. तिचा व्हॉइस मेसेज आला की आमच्याकडे हे लागू पडत नाही. नाहीच पडणार, खाडी वेगळी, बांबू वेगळा. तिला सांगितलंय की पट्ट्या मारलेला बांबू रोवा आणि महिनाभर वेळा बदलून वाचा, ठरलेल्या घड्याळाला नको. का नको ते फोनवर समजावताना माझी फे फे उडाली, मग वहीतलं चित्र काढून फोटो पाठवला, लगेच कळलं त्यांना.

उरलेलं काम: एस-२ ला चिकटून के-२ नावाची एक आहे, ती वेगळी काढायला १८२.६ दिवस लागतात, म्हणजे बांबू मेपर्यंत उभा पाहिजे. पावसाळ्यात काजळी नदीला पूर आला की खाडीची पातळी चंद्राला न विचारता चढते, ते या मॉडेलमध्ये नाही आणि मला ते सध्या शिकायचंही नाही. म्हणून जून ते सप्टेंबर पानावर लाल पट्टी येईल, 'पावसाळ्यात खोलीचा आकडा धरू नये, अधिकृत तक्ता बघावा'. पट्टीचा कोड आज टाकला, फोनची तारीख जुलै करून तपासला, दिसतेय. सेन्सर 'नंतर'च्या फाइलीत, रिॲक्टच्या खाली.